दादाचा आवाज, तुझे कान

सोनू, कंपवातानं दादाचा आवाज आत गेलाय म्हणालीस. आमच्या ह्यांच्या वेळी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चुका मी करून ठेवल्यात, तू नव्या शोधू नकोस. एवढं गाठीला बांध.

१. 'नीट बोल ना' म्हणून खेकसू नकोस — त्याला स्वतःचा आवाज ठणठणीतच वाटतो; आतलं मापच लहान झालेलं असतं.

२. चेहऱ्यावरून राग-लोभ ठरवू नकोस — तिथले स्नायूही ताठरतात. हे रुसलेत समजून मीच महिनाभर रुसले होते!

३. घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घे आणि लवकर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठ — गोळ्यांनी हातपाय मोकळे होतात, तितका आवाज होईलच असं नाही.

४. 'एलएसव्हीटी लाउड' ही मोठ्यानं बोलायला शिकवणारी १९८७ पासूनची पद्धत, कंपवात झालेल्या ली सिल्व्हरमनबाईंच्या नावाची. आठवड्याला ४ दिवस, रोज तासभर, ४ आठवडे. १६ पैकी एकही बैठक बुडवू नकोस — हळू बोलायची जुनी सवय पाहुण्यासारखी जात नाही, भाडेकरूसारखी काढावी लागते.

५. तो म्हणेल, 'अगं, मी ओरडतोय!' तू म्हण, 'आत्ता कुठे ऐकू आलं' — नवं माप अंगवळणी पडेपर्यंत साधं बोलणंही त्याला आरडाओरडा वाटणार.

६. घरी रोज श्वास भरून लांब 'आ', मग सूर खालून वर, वरून खाली. गळा मात्र ताणायचा नाही. शिकवणी संपली तरी हे चालू ठेव — रोज घासला तो तांब्या, रोज लावला तो आवाज.

७. त्याच्या रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं निवडून तीच मोठ्यानं म्हणायला लाव — 'आ' कितीही लांबला तरी त्यानं दूध येत नाही. ह्यांचं 'अर्धा लिटर, गायीचं' दूधवाल्याला जिन्यात ऐकू गेलं, त्या दिवशी मी साखर वाटली.

८. मिक्सर, नळ, मालिका बंद कर आणि समोर बसून बोल — गलक्यात मऊ आवाज आधी बुडतो.

९. त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस, मनात दहा आकडे मोज — उत्तर चोरलं की जीभ आळसावते.

१०. जेवताना, पाणी पिताना ठसके लागले तर लगेच तज्ज्ञांना सांग — बोलणं आणि गिळणं एकाच गल्लीत राहतात.

११. फोन त्यालाच उचलू दे — ह्यांचा 'हॅलो' ऐकू न आल्यानं लोक फोन ठेवून द्यायचे, मग ह्यांनी उचलणंच सोडलं.

रविवारी मी करीन फोन. मुद्दाम दोनदा विचारीन, 'कोण बोलतंय?' तू मध्ये पडू नकोस.