मुलांसह सहल कशी आखावी

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरी सहलीचे बेत होऊ लागतात. कोणी युरोपच्या प्रवासाचे मनोरथ रचितो, कोणी सप्तशृंगीस जाऊन येतो. परंतु शाळकरी मुले बरोबर असली म्हणजे दोघांचीही अडचण एकच. वडील माणसांस पुष्कळ पाहावयाचे असते, आणि मुलांचे पाय लवकर थकतात. आमच्या दोन सहलींवरून या विषयाचा थोडा विचार करू.

पहिली सहल अजिंठ्याची. जळगावाहून लेणी सुमारे ६० किलोमीटर. तेव्हा यात आखावयाचे ते काय, असे आम्हांस वाटले. फर्दापूरच्या फाट्यावर पोहोचलो तो सोमवार! सोमवारी लेणी बंद असतात, हे आम्ही कोणास विचारलेच नव्हते. पुढल्या खेपेस वार पाहून गेलो. पण तीसही लेणी एका दिवसात दाखविण्याचा हट्ट धरिला. दहाव्या लेण्यापाशी धाकटी कन्या पायरीवर बसली ती उठेना. वास्तविक याच लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख व आपले नाव खांबावर कोरून ठेविले आहे. (हा धडा मात्र कोणी गिरवू नये!) ते नाव शोधण्याचे काम तिजवर सोपविले असते, तर ती आमच्यापुढे धावली असती.

दुसरी सहल धुळ्याच्या आप्तांसमवेत, चाळीसगावजवळील पाटणादेवीची. या वेळी आठ दिवस आधी मुलांसच बेत करावयास बसविले. मे महिन्यात खानदेशचा पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून सुटी दिवाळीचीच निवडली. धुळे-चाळीसगाव आगगाडीची वेळ थोरल्याने विचारून आणिली. शिदोरीस कळण्याची भाकरी हवी, हे धाकटीने ठरविले. दिवसभरात ठिकाण एकच, आणि दुपारी विसावा.

पाटणच निवडण्यास कारण होते. 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य इ. स. १११४ मध्ये जन्मले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटणास मठ स्थापिला, असे तेथील १२०७ च्या शिलालेखावरून कळते. म्हणून गाडीत आम्ही मुलांस 'लीलावती'तील एक उदाहरण घातले. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत आहे. मोराने तिरपी झेप घेतली आणि दोघांनी सारखेच अंतर काटिले, तर साप बिळापासून किती हातांवर सापडला?

देवीच्या मंदिराच्या आवारात मुलांनी काठीने धुळीत खांब काढिला, साप काढिला. धाकटी पावले मोजून अंदाज करू लागली. थोरल्याने काटकोन त्रिकोण ओळखिला. जेवण वाढून झाले तरी कोणी उठेना. शेवटी "बारा हात!" अशी आरोळी उठली. परतीच्या गाडीत मुलांनी दुसरे उदाहरण मागितले, ते मात्र आमच्यापाशी तयार नव्हते.