पणजोबांचा पत्ता शोधताना

लेखाचं नाव वाचून "ही कोणती गोष्ट सांगून राहिली" असं तुम्हाला वाटेल. पण ज्या एका कागदामुळे ॲडमिशनच्या वेळी आपल्यापैकी कित्येकांची झोप उडाली होती, त्याचीच ही हकिकत आहे. तो कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आपल्या भाषेत 'व्हॅलिडिटी'. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठी घरात बोलण्यापुरतंच राहिलं. तेव्हा चुका पोटात घाला.

आधी नियम काय आहे ते पाहू. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा कायदा आहे. तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपली जात सिद्ध करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावरच असते. पुरावा कधीचा हवा, हेही ठरलेलं आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तोही वडिलांकडच्या नातेवाइकांचा.

आम्ही ओबीसी. बाबांचा जन्म सत्तरच्या दशकातला, म्हणजे त्यांचे कागद उपयोगाचे नाहीत. आजोबा वारलेले. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीत सापडला, पण जातीचा रकाना कोरा! बाबा डोक्याला हात लावून बसले. व्हॅलिडिटी वेळेत मिळाली नाही तर ओपनमधून फी भरावी लागणार होती, आणि तेवढे पैसे घरात नव्हते.

पहिल्या वर्षाला आम्हाला सर्व्हेइंग होतं. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की लेव्हलिंग नेहमी माहीत असलेल्या बिंदूपासून, म्हणजे बेंचमार्कपासून सुरू करायचं आणि तिथून एकेक रीडिंग घेत पुढे जायचं. मधलं एक स्टेशन गाळलं की पुढचं सगळं चुकतं. पुढे ते शिकताना माझ्या लक्षात आलं की त्या उन्हाळ्यात आम्ही दुसरं काही केलं नव्हतं.

आमचा बेंचमार्क होता आजोबांचा दाखला. त्यावर शाळेचं नाव होतं. दाखला ही नुसती नक्कल असते, खरी नोंद असते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. म्हणून बाबा आणि मी शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाट उघडून दिलं. १९५६ च्या पानावर आजोबा भेटले. जन्मतारीख १ जुलै १९५०. (जुन्या काळी मास्तर सरसकट जून-जुलैची तारीख टाकत, हे तुमच्याही आजोबांच्या बाबतीत खरं असेल.) जातीच्या रकान्यात मात्र फक्त 'हिंदू'. पण जन्मस्थळाच्या रकान्यात एका गावाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं 'तह. सौंसर'.

सौंसर! म्हणजे आमचं मूळ गाव आज मध्य प्रदेशात आहे, हे मला तेव्हा कळलं. आपण शाळेत नकाशे पाठ करतो, पण त्या नकाशात आपलं घर कुठून कुठे गेलं हे बघत नाही. सौंसर, पांढुर्णा हा भाग मराठी बोलणारा. तो आणि नागपूर पूर्वी एकाच प्रांतात, मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. १९५० मध्ये त्या प्रांताचं मध्य प्रदेश झालं आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सौंसर तिकडे छिंदवाडा जिल्ह्यात राहिलं, आणि २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. गाव जागचं हललं नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. पणजोबा नागपुरात आले तेव्हा त्यांनी कुठलीच सीमा ओलांडली नव्हती. सीमा नंतर आली.

पण गावच्या त्या मुलाचा बाप आणि नागपूरचे आमचे पणजोबा एकच, हे कसं दाखवायचं? ते काम आजीच्या पत्र्याच्या पेटीनं केलं. पणजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. ही मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली आणि तिच्यामुळे आजूबाजूच्या जिल्ह्यांतली किती तरी कुटुंबं नागपूरकर झाली. मिल बंद झाली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. पण पणजोबांचा मिलचा एक कागद आजीनं जपून ठेवला होता. त्यावर पूर्ण नाव, गाव, तहसील, जिल्हा, सगळं होतं. मधलं स्टेशन सापडलं!

शेवटची पायरी म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल करायचा आणि ती रजिस्टरं पुढे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जमा व्हायची. एका कार्यालयात आम्हाला "वाळवीनं खाल्लं, मिळणार नाही" असं न बघताच सांगितलं. तीन चकरा मारल्यावर दुसऱ्या एका बाबूंनी गठ्ठा सोडला. डिसेंबर १९४९ च्या पानावर नोंद होती. मुलाचं नावच नाही, नुसतं 'मुलगा'. बापाचं नाव आणि पुढे 'वल्द' म्हणजे त्याच्या बापाचं नाव. आडनाव नाही. आणि जात स्पष्ट लिहिलेली.

बापाचं नाव मात्र मिलच्या कागदासारखं 'जी' लावून नव्हतं. रामजीचा 'राम्या' व्हावा तसं होतं. गरिबांची नावं तशीच लिहायची रीत होती. मला राग आला. बाबा म्हणाले, "लिहिलं हेच नशीब."

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आयर्लंडमधून १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो लोक अमेरिकेला गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मूळ शोधतात, पण ३० जून १९२२ ला डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत जुन्या जनगणनेचे कागद गेले. मग ती मंडळी चर्चची रजिस्टरं, जमीन-मोजणीची पुस्तकं, जहाजाच्या याद्या जोडत बसतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. आपल्या जनगणनेची व्यक्तिगत माहिती कायद्यानं गुप्त असते, म्हणून आपल्याला शाळा, कोतवाल आणि तलाठी यांच्यावाचून गत्यंतर नाही.

आता ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी:

१) स्वतःपासून सुरुवात करून मागे जा. मधली पिढी गाळू नका.
२) दाखल्यावर थांबू नका, मूळ रजिस्टर पाहा आणि सगळे रकाने वाचा. उत्तर भलत्याच रकान्यात असतं.
३) जन्मतारीख, नाव, आडनाव तंतोतंत जुळेल ही आशा सोडा. बापाचं नाव, गाव आणि भावंडं जुळतात का ते बघा.
४) साध्या झेरॉक्सवर भागत नाही, शिक्क्याची नक्कल घ्या. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

तिसऱ्या मुद्द्यासाठी आम्ही भावंडं शोधत होतो. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये त्याच बापाच्या नावापुढे एक मृत्यूची नोंद निघाली. मुलगी, वय ३ वर्षे, कारण ताप. नावावर शाई पसरली होती, वाचता आलं नाही. आजोबांना मोठी बहीण होती हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणूनच माय तान्ह्या पोळ्याले कधी बाहेर नाही निंघे. लेकरं नंदी घेऊन दारात आले का मलेच पैसे द्याले सांगे. म्या कधी इचारलं नाही." माय म्हणजे तिची सासू, माझी पणजी. पोळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतो.

माझी व्हॅलिडिटी मुदतीच्या आत मिळाली आणि म्हणून मी आज या कॉलेजात आहे. शपथपत्रात आम्ही जी वंशावळ जोडली, तिच्यात सगळे पुरुषच आहेत, कारण तिथे तेवढंच लागत होतं. माझ्या वहीत मात्र मी दुसरी वंशावळ काढली आहे. तिच्यात आजोबांच्या वर एक चौकोन आहे, नावाशिवाय.

दिवाळीत घरी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. आजी असेल तर आधी तिच्याजवळ बसा, तहसीलला नंतर जा.