गल्ला वेगळा ठेव गं!

अगं, ऑर्डरी वाढल्यात, पण हातात काही उरत नाही, म्हणून रडकुंडीला आलीस ना? खरं सांगू का, तुझ्या चकलीत काहीच खोट नाही. खोट आहे ती हिशोबात, आणि हिशोब तुला जमतो. घर चालवतेस ते काय उगाच?

आधी भाव नीट काढ. किलोभर चकलीला तू भाजणी धरतेस, तेल धरतेस. पण दळणाचे पैसे? गॅस? पिशवी, लेबल? डब्याच्या तळाशी राहणारा चुरा? आणि बघ, सोऱ्या फिरवून भरून आलेला तुझा दंड कुणी धरायचा? उद्या हाताखाली बाई ठेवलीस तर तिला मजुरी देशीलच ना? मग तेवढी आज स्वतःला लाव. नाहीतर जितक्या ऑर्डरी जास्त, तितकी तू जास्त खड्ड्यात. भाव सांगताना जीभ अडखळते, ठाऊक आहे मला. मी तर गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत "तुम्हाला कमी करते हं" म्हणून मोकळी व्हायचे!

दुसरं, धंद्याचं बँकखातं वेगळं काढ आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लाव. दूधवाल्याचं बिल त्यातून द्यायचं नाही. महिन्याला ठरावीक रक्कम पगार म्हणून घ्यायची, बस्स. रात्री ओटा आवरला की वहीत तीन रकाने भर: आले, गेले, यायचेत. तो तिसरा रकाना रोज वाच गं. "हिशोबात धर" म्हणणारी शेजारीण गोडच असते, पण निम्मे पैसे ऑर्डर घेतानाच माग.

दुकानात माल टाकतेस तर बिल करत जा. छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी असली की दुकानदाराला तुझे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, तसा कायदाच आहे. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तेव्हा पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस. आणि खाण्याचा धंदा म्हटला की अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छाप.

आता वाढवायचं म्हणशील, तर वहीत बघ, पैसा कोणता पदार्थ देतो आणि नुसता जीव कोणता खातो. दुसऱ्याला खुशाल सुट्टी दे. लिज्जतच्या सात जणींनी १९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, आणि पुढे बरीच वर्षं त्यांनी पापड एके पापडच केलं. तुला मात्र सगळा फराळ, शिवाय केकसुद्धा! मशीन घ्यायचंच झालं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. पण हप्ता चकलीच्या नफ्यातून सुटतोय का, ते आधी मांडून बघ. आणि दिवाळीच्या ऑर्डरी कधी बंद करायच्या, ती तारीख आत्ताच ठरव. "आता नाही जमणार हो" हेही गोड बोलून सांगता येतं.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या रविवारी फक्त एका किलोचा खरा भाव काढ आणि सोमवारपासून तोच सांग. दोन गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. उरतील ती चकलीसाठी येणारी असतील, स्वस्ताईसाठी नाही.