घर त्यांचं, झाडू आपला

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. माहेरच्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांच्या गिनीपिगांची जोडी, दोन्ही माद्या, अहमदपूर-लोहा मार्गे आमच्या घरी आली. पाहुणे घरी आले की आधी घर लख्ख करायचं, ही आपली रीत. या जिवांच्या बाबतीत मात्र ती जरा बाजूला ठेवावी लागते. गिनीपिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, नेहमी दुसऱ्याच्या तोंडचा घास असलेले. त्यांची नजर बेताची, नाक आणि कान तीक्ष्ण. स्वतःचा वास जिथे आहे ती जागा आपली, एवढंच त्यांना कळतं. म्हणून पिंजरा स्वच्छ ठेवायचा, पण त्यांचा वास पुसून टाकायचा नाही. त्यातून जे शिकले ते इथे मांडते.

१. पहिले काही दिवस मोठी सफाई नको.
नव्या घरी आलेला गिनीपिग कोपऱ्यात दगडासारखा बसतो, कधी पाल्यालाही लगेच तोंड लावत नाही. या दिवसांत ओला झालेला भाग उचलावा, वाटीतलं पाणी बदलावं, उरलेला पाला काढावा आणि थांबावं. घेऊन येतानाच जुन्या घरातलं थोडं अंथरूण, त्यांची वाटी आणि लपायचा खोका मागून घ्यावा. नव्या पिंजऱ्यात ओळखीचं तेवढंच असतं.

२. वास घ्यायचा तर खाली बसून घ्यावा.
मुतातून अमोनिया सुटतो आणि तो अंथरुणालगत सर्वांत जास्त असतो. आपण उभ्याने म्हणतो, ‘वास तर येत नाही.’ त्यांचं नाक मात्र जमिनीपासून दोन बोटांवर. या अमोनियाने श्वसनाचे आजार बळावतात, ओल्या अंथरुणाने पायाचे तळवे सुजून चिघळतात. सुदैवाने त्यांच्या लघवीच्या जागा ठरलेल्या असतात : कोपरे, लपायच्या खोक्याखाली, गवताच्या ढिगाजवळ. रोज तेवढ्याच जागांवर अंथरलेले रद्दीचे कागद बदलले की बरंचसं काम होतं.

३. पकडायचं नाही, खोक्यासकट उचलायचं.
वरून येणारा हात त्यांना घारीच्या झडपेसारखा वाटतो. पाठलाग करून धरलेला गिनीपिग पुढचे कित्येक दिवस आपल्याला भितो. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवावा, आत कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकाव्यात आणि दोघी आपणहून शिरेपर्यंत दम धरावा. मग खोक्याच्या तोंडावर हात आडवा धरून, खालून दुसरा हात लावून खोका अलगद उचलावा. दोघींना एकत्रच बाहेर काढावं, एकीला मागे ठेवू नये. कळपात राहणारा जीव तो. सोबतीण शेजारी असली की धीर टिकतो. रोजच्या वरवरच्या सफाईला तर बाहेर काढायची गरजच नाही.

४. वेळ एकच ठेवावी, आणि उन्हाळ्यात ती सकाळची.
ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने काम झालं की त्यांना अंदाज येतो. आधी हलक्या आवाजात बोलावं, मग पाला द्यावा, मग सुपली हातात घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. गिनीपिगांना १८ ते २४ अंश मानवतं. तिशीच्या पुढे उष्माघाताचा धोका असतो. दुपारी त्यांना हलवलं तर तोच जीवघेणा ताण ठरू शकतो. सफाईसाठी त्यांना गच्चीवर किंवा उन्हाच्या अंगणात कधीच ठेवू नये. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. कूलरच्या दमट हवेत अंथरूण लवकर वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत कागद जास्त वेळा बदलावेत. फुटक्या माठाचं मोठं खापर, कडा घासून, गार करून आत ठेवलं तर त्या त्यावर पसरतात.

५. पाणी कमी, कोरडी झाडलोट जास्त.
लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या वर्षाने आमच्या घरात भांडी राखेने कोरडी पुसून मग विसळायची सवय लावली. तीच इथे कामी येते. आधी लेंड्या आणि कागद सुपलीने काढावेत, तळ कोरड्या चिंधीने पुसावा. लघवीतल्या कॅल्शियमचा पांढरा थर बसतो, तो घासून निघत नाही. त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात शिंपडून थोडा वेळ ठेवलं की थर सुटतो. मग ओल्या फडक्याने पुसावं आणि तळ पूर्ण वाळू द्यावा. फिनेल आणि सुगंधी द्रावणं पिंजऱ्याच्या आसपासही नकोत. त्यांचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, गिनीपिगांच्या फुफ्फुसांना झोंबतो. उदबत्ती आणि धूपही त्या खोलीत लावू नये.

६. जुन्या अंथरुणाची एक मूठ परत ठेवावी.
या यादीतलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. सगळं एकाच दिवशी धुऊन टाकलं की त्यांच्या लेखी ते घर परक्याचं होतं. मग त्या बावरून कोपऱ्यात बसतात, किंवा एकमेकींवर दात वाजवत पुन्हा आपला अधिकार ठरवू लागतात. म्हणून कोरडं, न भिजलेलं जुनं गवत मूठभर बाजूला काढून नव्यावर पसरावं. आज तळ धुतला तर खोका उद्या. आज एक कापड धुतलं तर दुसरं पुढच्या खेपेला. फक्त त्यांच्यापैकी कुणी आजारी असेल तेव्हा हा नियम मोडून सगळं नीट धुवावं.

७. अंथरूण साधं असावं, पण पारखून घ्यावं.
खाली रद्दीचे जाड थर, वर जुन्या सुती गोधडीचा तुकडा, हे आपल्या घरात असतंच. गोधडीचे सुटे दोरे कापून टाकावेत. ते पायात गुंततात, पोटात जातात. सॉ मिलचा बारीक भुसा फुकट मिळतो, पण त्याची धूळ नाकात जाते, आणि चीड-देवदाराच्या लाकडातला उग्र अंश त्यांना बाधतो. सोयाबीनची गुळी लातूर भागात रगड मिळते. तीही धुळकट आणि टोकदार, तळव्यांना टोचते. वाळलेलं स्वच्छ गवत मात्र भरपूर द्यावं. ते त्यांचं अन्नही आहे.

८. झाडताना डोळे उघडे ठेवावेत.
सुपलीत जे येतं तो त्यांच्या तब्येतीचा रोजचा हिशेब. टणक, लांबट, एकसारख्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक. लेंड्या कमी किंवा बारीक झाल्या, हगवण लागली, लघवीत रक्त दिसलं, किंवा खाणं थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं. मऊ लेंड्या त्या स्वतःच खातात, त्यात काळजीचं काही नाही. पावसाळ्यात मागचा भाग ओला राहिला तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. रोज तिथे नजर टाकावी. घरातली माणसांची औषधं देऊ नयेत. पेनिसिलिन जातीची प्रतिजैविकं पोटातून दिली तर गिनीपिग दगावू शकतो. आपल्या भागात उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळपास कोणता पशुवैद्य छोटे प्राणी तपासतो, हे आजार येण्याआधीच विचारून ठेवावं.

९. लेंड्या झाडांना, काम सगळ्यांना.
लेंडीखत आपल्या शेतीला नवं नाही. या लेंड्याही जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या कुंडीत छान जिरतात. मुलांना गवत बदलणं, वाटी धुणं ही कामं द्यावीत. उचलणं मोठ्यांनी करावं, कारण हातून पडलेल्या गिनीपिगाचं हाड सहज मोडतं. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. मुलगी पाचवीत असताना आणला तर ती बारावीला जाईपर्यंत घरात असू शकतो. एवढा काळ चालेल अशीच सफाई ठरवावी : रोज थोडी, न थकवणारी, परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांतही न चुकणारी. रविवारी दणक्यात धुवायचं आणि आठवडाभर बघायचंही नाही, यात त्यांचे दोन्हीकडून हाल होतात. आपण झाडत असताना त्या निवांत गवत चघळू लागल्या, की समजावं, आपला हात आता त्यांच्या घरात चालतो. तोवर घाई करू नये.