बंदरावरील जुन्या वखारी आणि नवी वस्ती

आमच्या मालेगांवाहून समुद्र फार दूर. तथापि मुंबईच्या पूर्व किनाऱ्याशीं वऱ्हाडाचा संबंध जुना आहे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि आपल्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस गांठी बांधून मुंबईस जाऊं लागला. १८७३ सालीं तेथें पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली व १८८० सालीं प्रिन्सेस गोदी खुली झाली. शिवडीजवळील एका स्थानकास आजही 'कॉटन ग्रीन' म्हणतात, तें कापसाच्या व्यापारावरूनच. म्हणून या किनाऱ्याची हकीकत आम्हांस परकी वाटत नाहीं.

पुढें काळ पालटला. माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून येऊं-जाऊं लागला. त्या उतरविण्यास खोल पाणी व विस्तीर्ण आवार लागतें. १९८९ सालीं खाडीपलीकडे न्हावाशेवा येथें नवें बंदर सुरू झालें, आणि जुन्या बंदरावरील पुष्कळ वखारींचें काम मंदावलें. जुनें बंदर अद्यापि चालू आहे. परंतु त्याच्या मालकीच्या सुमारें १,८०० एकर जमिनीपैकीं बरीचशी शहराच्या कामीं लावावी, असा विचार पुढें आला. २०१४ सालीं एका सरकारी समितीनें त्याविषयीं अहवालही दिला.

जेथें घरांची एवढी टंचाई, तेथें लागलीच इमारती कां उभारूं नयेत, असें विद्यार्थी विचारतील. आमच्या मतें आधीं तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट मातीची. दारूखान्यांत वर्षानुवर्षें जुनीं जहाजें मोडण्याचा धंदा चालत आला. त्यांतील तेल व शिसें जमिनींत मुरतें. अशी माती तपासून शुद्ध केल्यावांचून तेथें मुलांनीं खेळणें धोक्याचें होय.

दुसरी गोष्ट पाण्याची. हा किनारा बराचसा समुद्रांत भर घालून केलेला, म्हणून सखल आहे. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळीं आल्यास गटारांतील पाण्यास वाट मिळत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां शहराची काय दुर्दशा झाली हें सर्वश्रुत आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. तिचा धडा बंदराच्या पाठीशीं असलेल्या गिरणगांवांत मिळतो. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जमिनीविषयीं १९९१ चा नियम स्थूलमानानें असा होता: एक तृतीयांश मोकळ्या मैदानांस, एक तृतीयांश सरकारी घरबांधणीस, एक तृतीयांश मालकास. २००१ सालीं नियम बदलला. वांटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची करावी, असें ठरलें. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. समजा, गिरणीची जमीन २४ एकर असून १८ एकरांवर इमारती आहेत. पहिल्या नियमानें लोकांच्या वांट्यास १६ एकर येतात, दुसऱ्यानें केवळ ४. हा बदल २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. कामगारांच्या घरांची सोडत २०१२ सालीं निघाली खरी. परंतु अर्जदार लाखाहून अधिक आणि घरें कांहीं हजार.

लंडन येथेंही थेम्सकांठच्या गोद्या ओस पडल्यावर १९८१ सालीं एक मंडळ नेमलें गेलें. १९९८ पर्यंत त्यानें तेथें घरें, कचेऱ्या व आगगाडी आणिली. तथापि जुन्या गोदी-कामगारांच्या अनेक कुटुंबांस तीं नवीं घरें परवडलीं नाहींत.

आपल्या वऱ्हाडांतही ठिकठिकाणीं बंद पडलेल्या जिन-प्रेसांचीं आवारें आहेत. उद्यां तेथें वस्ती व्हावयाची झाल्यास पालकांनीं व ग्रामस्थांनीं आधीं विचारावें: माती शुद्ध आहे काय? पाणी कोठें जाईल? आणि ज्यांनीं तेथें गांठी वाहिल्या, त्यांच्या लेकरांस तेथें जागा आहे काय? ही विचारणा नियम लिहिला जात असतांनाच झाली पाहिजे. मागाहून एका ओळीची किंमत बारा एकर होते, हें आपण आतांच हिशेबानें पाहिलें.