आकाशातील शिस्त

अफाट आकाशात दोन लहान विमानांनी एकमेकांवर आदळावे तरी कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आकाश अफाट असले, तरी विमानतळाजवळ साऱ्या वाटा एकत्र येतात, हे त्याचे उत्तर होय.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉटसनविल येथे असा अपघात घडला. या विमानतळावर नियंत्रण मनोरा नव्हता. अशा ठिकाणी वैमानिक सामान्यतः धावपट्टीलगतच्या ठराविक चौकोनी मार्गाने येऊन उतरतात आणि आपला ठावठिकाणा रेडिओवरून परस्परांस कळवितात. सेस्ना १५२ हे एकइंजिनी विमान याच मार्गाने उतरत होते. सेस्ना ३४० हे दुइंजिनी विमान मात्र दुरून थेट सरळ रेषेत आले. त्याचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होता. ते झपाट्याने जवळ येत असल्याचे पाहून लहान विमानाच्या वैमानिकाने आपण न उतरता पुन्हा वर जात असल्याचे कळविले. परंतु तोवर उशीर झाला होता. दोन्ही विमानांतील तिघेही मृत्युमुखी पडले. सरळ येणाऱ्या विमानाच्या वैमानिकाने दुसरे विमान पाहून त्यास टाळले नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

पाहणे वाटते तितके सोपे नाही. टकरीच्या मार्गावरील विमान काचेत एकाच जागी स्थिर ठिपक्यासारखे दिसते, आणि आपली दृष्टी वेधली जाते ती हलत्या वस्तूकडे. शिवाय पंख वर असलेल्या विमानातून वरचे, तर पंख खाली असलेल्या विमानातून खालचे आकाश झाकले जाते. दुसरे विमान दिसल्यापासून आपले विमान वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी हवाई प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. ताशी २०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर तेवढ्या अवधीत त्यांच्यातील सुमारे १,४०० मीटर अंतर संपते.

म्हणूनच वैमानिकास आकाशाचे दहा-दहा अंशांचे भाग करून प्रत्येकावर किमान एक सेकंद नजर स्थिरावण्यास शिकविले जाते. तथापि केवळ डोळ्यांवर विसंबून भागत नाही. ठरलेला मार्ग, आटोपशीर वेग आणि रेडिओवर ऐकलेल्या शब्दाची तत्काळ दखल ही त्रयी पाळली, तरच डोळ्यांना पाहण्यास अवधी मिळतो. आकाशात रस्ते आखलेले नसतात; ते वैमानिकांच्या शिस्तीनेच आखले जातात.