अपात्र
आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३

शिष्यवृत्ती परीक्षेत दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर असतात आणि प्रत्येकात ४० टक्के लागतात. म्हणजे पहिल्यात ११० मिळवून दुसऱ्यात ५८ पडले, तरी निकालावर शब्द येतो : अपात्र. दहा वर्षांच्या पोराला हा शब्द समजावायचा कसा?

अर्जुनाचा प्रश्न याच्या जवळचा आहे. (तो योगाबद्दल विचारतोय, परीक्षेबद्दल नव्हे, हे मान्य.) श्रद्धा होती, पण मन ढळलं, प्रयत्न कमी पडले, अशा माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो विरूनच जातो का?

श्रीकृष्ण चूक काढत बसत नाहीत. त्याचा नाश होत नाही, हे आधी सांगतात, आणि अर्जुनाला 'तात' म्हणतात. पार्थ, कौंतेय या हाका गीतेत ठिकठिकाणी आहेत; 'तात' ही फक्त इथेच. आपण 'बाळा' म्हणतो ना, तशी. ४३व्या श्लोकात मग पुढचं येतं : आधीची कमाई सोबत असते, तिथूनच तो पुन्हा प्रयत्नाला लागतो.

आज शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. उत्तरसूची उद्या उघडा, आणि त्या ५८ गुणांचे कुठले प्रश्न त्याला जमले, ते आधी बघा.